भरतीची रेषा, अंबड एमआयडीसी

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात:
सर्व पातळ्या चार्ट डेटमपासून, मीटरमध्ये.
म्हणजे शून्य तिकडे, खाऱ्या पाण्यात कुठेतरी,
आणि आम्ही त्या शून्याच्या जवळजवळ सहाशे मीटर वर,
गरवारे पॉइंटच्या आतल्या गल्लीत,
पत्र्याच्या शेडखाली, डिसेंबरच्या पहाटपाळीला,
हात काखेत घालून.

काम हुकांचं होतं.
तेलाचं जहाज धक्क्याला लागलं
की त्याचे दोर ज्यात अडकवतात, ते हुक.
एका बैठकीवर चार, प्रत्येकी शंभर टन.
अशा बारा बैठका.
ऑर्डर आली त्या दिवशी मालकांनी पेढे वाटले, विचारलं,
खैरनार मॅडम, टँकर पाहिलाय कधी?
पाहिलाय की, मी म्हटलं, पानेवाडीला.
रस्त्याच्या कडेला एकामागे एक उभे,
आणि सावलीत ड्रायव्हर पत्ते कुटत.

तुळशीराम घुगे, फिटर, दोडीचा.
डाव्या हाताची दोन बोटं सातपूरच्या एका प्रेसमध्ये राहिलेली.
मंग ते जहाज जागेवर ऱ्हातं का?
नाही. भरतीला वर येतं, ओहोटीला खाली जातं.
किती?
पाच मीटर.
पाच?
त्याने मार्किंगचा खडू घेतला.
शिडी लावली.
भिंतीवर एक रेघ पायापाशी, एक पार क्रेनच्या गर्डरखाली,
आणि खाली उतरून बघत राहिला:
कूलर बुडाला. हजेरीचं कार्ड बुडालं.
मालकांची केबिन बुडाली, एसीसकट.
शकूर मणियारची सायकल तर केव्हाच बुडाली.
रोज दोनदा? त्याने विचारलं.
रोज दोनदा, मी म्हटलं,
आणि का कोण जाणे, आवाज खाली आला माझा.

वेल्ड तपासताना मी ऐकते, बघत नाही.
प्रोबखाली जेली, पडद्यावर एक हिरवी रेघ,
ती मध्येच उसळली की आत पोकळी.
सातव्या बैठकीत उसळली.
तांदळाच्या कणीएवढी.
शकूर म्हणाला, एवढ्याने काय होतं, बाई?
मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.
खरवडून काढ.
दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

शेवटच्या चाचणीला पिंटो आले, जहाज कंपनीचे,
मुंबईहून, स्वेटर न आणता.
त्यांनी कलम वाचून दाखवलं:
आणीबाणीत, पूर्ण ताणाखाली,
एका माणसाला, एका हाताने, हुक सोडता आला पाहिजे.
घुगे म्हणाला, चार म्हैने धरायचं शिकवलं याला.
जॅक चढू लागला.
साठ. ऐंशी. पत्रे बारीक थरथरले.
शंभरला पिंटोंनी मान हलवली.
कुठला हात ते कलमात नव्हतं.
घुगेने डावा पुढे केला,
तीन बोटं लिव्हरवर ठेवली.

आवाज झाला तो मला सांगता येत नाही.
पलीकडच्या प्लॉटमधली माणसं चहा टाकून पळत आली.
तारेचा दोर जमिनीवर, सैल, मेलेल्या धामणीसारखा,
आणि हुक उघडा,
जबडा वासून छताकडे बघणारा.
पिंटोंनी सही केली. मग विचारलं,
इथे गरम भजी कुठे मिळतील?

ट्रेलर रात्री निघाले, कसाऱ्याच्या दिशेने.
गंमत म्हणजे आमची नदी उलटी जाते.
समुद्र पश्चिमेला, घाट उतरला की आलाच,
आणि ही त्र्यंबकला जन्मून पाठ फिरवते,
सगळा देश तुडवत निघते पूर्वेला.
लोखंड मात्र सरळ वाटेने गेलं.

घुगे कधी गेला नाही तिकडे. मीही नाही.
झाडूवाल्या मंजुळाबाईने खालची रेघ पुसली,
तिचा हात पोचला तिथवर.
वरची आहे अजून.
आता आम्ही साखर कारखान्याच्या टाक्या करतो.
जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन
मी तिच्या खालून जाते,
आणि एखाद्या दिवशी, उगाच,
दार येईपर्यंत
श्वास रोखून धरते.